जाम झालेले स्टिअरिंगचे सांधे तापवून सोडवू नयेत

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावरच्या गॅरेजांत मासळीच्या टेम्पोंची रांग लागते. मासेमारीची पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते, तेव्हापासून माडाखाली उभ्या राहिलेल्या या गाड्यांचे स्टिअरिंग जड झालेले असते, चाक वळते पण परत फिरत नाही, आणि मेस्त्रीने जॅक लावून पाहिले की पुढच्या अ‍ॅक्सलचे एखादे तरी काम निघते. याच दिवसांत दरवर्षी एक आवाज कानी पडतो आणि एक वास नाकाला लागतो, आवाज घणाचा आणि वास जळत्या रबराचा व ग्रीसचा. टाय रॉडचा, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्याचा, सांधा सुटत नसेल तर तो गॅसने लाल करायचा, ठोकून काढायचा आणि निवावा म्हणून वर बादलीभर पाणी ओतायचे, ही पद्धत आमच्या भागात इतकी रुळली आहे की तिला कोणी चूक म्हणत नाही. ती चूक आहे, आणि घाटाने माल नेणाऱ्या गाडीच्या बाबतीत जिवावर बेतू शकणारी चूक आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी पेशाने मोटार मेकॅनिक नाही. मुंबईत एका कारखान्यात २२ वर्षे फिटर म्हणून काम करून गावी परतलो आणि आता हर्णै बंदरावरून मासळी वाहणारे दोन टेम्पो सांभाळतो. त्यांपैकी एकाच्या पुढच्या डाव्या चाकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, म्हणून काही वर्षांपूर्वी तो एका गॅरेजात लावला होता. संध्याकाळच्या लिलावाला गाडी हवीच, असा तगादा माझाच होता. नवा टाय रॉड एंड बसवून गाडी वेळेत मिळाली आणि मी समाधानाने घरी आलो. चार-पाच महिन्यांनी ग्रीस भरायला गाडीखाली शिरलो, तेव्हा ज्या स्टिअरिंग आर्मच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या पोलादी हाताच्या, भोकात तो सांधा बसतो, त्या आर्मवर निळसर काळा पट्टा आणि भोकाच्या कडेपासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. प्रथम मला तो ओरखडा वाटला. मग ती जागा रॉकेलने भिजवून कोरडी पुसली आणि वर खडूची पूड चोळली, तर थोड्या वेळाने त्या पांढऱ्या पुडीत ओलसर काळी रेषा उमटली, आणि तो तडा असल्याची खात्री पटली. आर्म बदलला, खर्च झाला, अपघात मात्र झाला नाही. त्या गॅरेजचे नाव येथे देण्यात अर्थ नाही, कारण घाई मीच केली होती आणि दुसऱ्या गॅरेजात नेली असती तरी बहुधा हेच झाले असते.

हा सांधा नट काढल्यावरही का सुटत नाही, हे कळल्याशिवाय तो सोडवण्याची रीत कळणार नाही. टाय रॉडच्या टोकाला एक गोळा असतो. त्या गोळ्याची दांडी, जिला स्टड म्हणतात, ती सरळ नसून निमुळती असते आणि आर्मचे भोकही तसेच निमुळते कातलेले असते. दर १० मिलिमीटर लांबीला व्यास सुमारे १ मिलिमीटरने, काही गाड्यांत त्याहून किंचित अधिक, कमी होत जातो. नट आवळला की स्टड पाचरीसारखा भोकात ओढला जातो. १२ मिलिमीटरचा नट ५० न्यूटन-मीटरने आवळला, तर ढोबळ हिशेबाने दोन टनांच्या आसपास ओढ बसते, आणि पाचरीच्या गुणामुळे भोकाच्या भिंतीवरचा दाब त्याच्या कित्येक पट होतो. उतार इतका थोडा असतो की नट पुरता काढून घेतला तरी केवळ घर्षण स्टडला धरून ठेवते. कारखान्यात लेथच्या मागच्या भागात बसवलेला ड्रिल असाच टेपरवर, म्हणजे निमुळत्या पकडीवर, उभा असे, त्याला ना नट ना खिळा.

घरातही हे नेहमी घडते. एकात एक ठेवलेले स्टीलचे दोन पेले अडकले की ते ओढून निघत नाहीत, कितीही जोर लावा. बाहेरच्या पेल्याच्या कडेवर बाजूने चार ठिकाणी हलके ठोकले की ते अचानक सुटतात. ओढीच्या दिशेने लावलेला जोर पाचरीपुढे फुकट जातो, पण आडवा धक्का बसला की पकड क्षणभर मोडते. मेस्त्री लोकांनी आपल्याच स्वयंपाकघरातली ही गोष्ट गॅरेजात आणावी, एवढेच खरे तर माझे म्हणणे आहे.

आता कोकणात हे दुखणे अधिक का, तेही पाहू. येथील हवेत मीठ असते आणि मीठ ओल धरून ठेवते, त्यामुळे पाऊस नसला तरी लोखंडावर खारट ओलीचा पातळ थर राहतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तो वेगळाच. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून जिथे फट नाही तिथे तो स्वतःच पाचर बनून बसतो. त्यात आमच्या गाड्यांचे जिणे पाहावे. हर्णैला वर्षानुवर्षे लिलाव पुळणीवर होत आला आहे, तेव्हा टेम्पो ओल्या वाळूत उभे राहतात. बर्फाच्या पेट्यांतून गळणारे खारे पाणी चासीवरून ओघळते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना चाके धक्क्याच्या खाऱ्या पाण्यातून जातात. पर्यटक तर हौसेने गाड्या थेट लाटांत घालतात आणि मग स्टिअरिंग कुरकुरते म्हणून तक्रार करतात. मात्र रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर जाम होते, हे मालकांच्या ध्यानात येत नाही. चालत्या गाडीत सांधे हलतात आणि ग्रीस फिरते, उभ्या गाडीत ते एका जागी वाळते आणि सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे टोपण, फाटलेला असेल तर आत गेलेली ओल निवांतपणे आपले काम करत राहते.

सांधा सोडवण्याची योग्य पद्धत अवघड नाही, फक्त तिला वेळ लागतो. आदल्या दिवशी संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये, तीन-चार आटे धरून ठेवावा, म्हणजे सांधा उडाला तरी अंगावर येत नाही. मग पुलर, म्हणजे स्क्रू आवळून सांधा बाहेर काढणारे अवजार, लावून स्क्रू चांगला ताणावा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होते. न झाल्यास ताण तसाच ठेवून आर्मच्या भोकाच्या एका बाजूला घणाचे डोके ऐरणीसारखे टेकवून धरावे आणि विरुद्ध बाजूने एक-दीड किलोच्या हातोड्याने नेमका घाव घालावा. भोक त्या घावाने अगदी क्षणभर लांबट होते, तेवढ्यात पकड सुटते आणि पुलरचा ताण स्टडला बाहेर फेकतो. मोठा आवाज होतो, म्हणून पुलरच्या समोर तोंड ठेवू नये. दोन-चार घावांत सुटला नाही तर पुलर ताणलेला ठेवून चहा पिऊन यावे. परत येईपर्यंत सांधा आपोआप सुटून पडलेला मी स्वतः दोनदा पाहिला आहे.

याउलट आपल्याकडे काय होते? घाव आर्मच्या बाजूला न पडता स्टडच्या टोकावर पडतात. टोक पसरट होते, आटे बसतात, आणि पसरलेले टोक भोकातून जाणे आणखी कठीण होते. मग काट्यासारख्या दोन टोकांची पाचर सांध्यात घालून ठोकतात. सांधा नवाच बसवायचा असेल तर या पाचरीला माझी हरकत नाही, पण तिने रबरी बूट हमखास फाटतो, आणि जो सांधा केवळ दुसऱ्या कामासाठी सोडवला होता तो तसाच परत बसवला की पुढच्या पावसाळ्यात जाम झालाच म्हणून समजा. हल्लीच्या काही मोटारींत चाकामागचा नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तेथे हातोडाही वर्ज्य समजावा, पुलरला पर्याय नाही.

ड्रॉप आर्मविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तो सर्वांत घट्ट बसलेला असतो आणि सर्वांत जास्त मार खातो. तो स्टिअरिंग बॉक्समधून खाली येणाऱ्या दातेरी शाफ्टवर बसतो. त्याच्यावर घण घातला की धक्का सरळ बॉक्समधल्या बेअरिंगला आणि दात्यांना बसतो, आणि गॅस मारला तर वरचे ऑइल सील जळते. मग महिन्याभरात तेल गळू लागते आणि बॉक्स खराब निघाला म्हणून मालक स्पेअरपार्टच्या दुकानदाराशी भांडतो. येथे दोन पायांचा जड पुलरच हवा, आणि काढण्यापूर्वी शाफ्टवर व आर्मवर खूण करून ठेवायला हवी, नाहीतर एक दाता इकडचा तिकडे होऊन स्टिअरिंग कायमचे वाकडे राहते.

आता तापवण्याकडे येतो. तापवल्याने बाहेरचे भोक फुगते आणि सांधा सुटतो, हे खरे आहे. अडकलेल्या पेल्यांचा बाहेरचा पेला गरम पाण्यात धरून आतल्यात थंड पाणी ओतण्याची युक्ती याच तत्त्वावर चालते. पण गरम पाणी आणि गॅसची ज्योत यांत अंतर आहे. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. स्टिअरिंग आर्म हा साध्या लोखंडाचा तुकडा नसून घडवलेल्या पोलादाला ठरावीक उष्णता आणि ठरावीक थंडावा देऊन त्याला चिवटपणा आणलेला असतो. तो ठळक लाल होईपर्यंत तापवला की ही सारी मेहनत पुसली जाते. ज्योत काढून तो हवेत निवला तर मऊ पडतो. वर पाणी ओतले तर काय होते, हे सांगायला अभियंता नको, गावचा लोहार पुरे. कोयतीला पाणी दिले की धार कडक होते, पण तिला नंतर थोडी ऊब देऊन उतरवली नाही तर पहिल्याच गाठीवर ती काचेसारखी उडते, हे त्याला पक्के ठाऊक असते. लाल आर्मवर बादली रिकामी करणारा मेस्त्री नकळत त्याला पाणीच देत असतो, आणि उतरवायला कोणी थांबत नाही. असा आर्म त्याच दिवशी मोडत नाही, हीच त्यातली मोठी मेख आहे. खड्ड्यांचे धक्के खात तडा वाढत राहतो, आणि कुंभार्ली घाटाच्या वळणावर चाक आणि स्टिअरिंग यांचा संबंध तुटला तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. शिवाय बंद बूट असलेला, ग्रीस भरलेला सांधा तापवला तर आतल्या वाफेने तो फुटून अंगावर येऊ शकतो, हा धोका मेस्त्रीचा स्वतःचा आहे.

किंगपिनची गोष्ट याहून वेगळी, तरी मूळ चूक तीच. पुढे पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असलेल्या टेम्पो-ट्रकात स्टब अ‍ॅक्सल (चाक धरणारा आखूड दांडा) ज्या उभ्या पिनेवर फिरतो, ती किंगपिन अ‍ॅक्सलच्या डोळ्यात एका आडव्या कॉटरने, म्हणजे पाचरीसारख्या खिळ्याने, अडकवलेली असते. हा कॉटर आधी पूर्ण निघाला आहे याची खात्री न करताच कित्येकदा घण चालू होतो. कॉटर निघाला असला तरी गंजाने धरलेली पिन वरून ठोकली की तिचे डोके पसरते आणि ती अधिकच घट्ट बसते. मग उरतो तो गॅस. तालुक्याच्या ठिकाणी हायड्रॉलिक प्रेस असते. अ‍ॅक्सल उतरवून तेथे नेण्याचा त्रास एका दिवसाचा, पण डोळा शाबूत राहतो. तापवून-ठोकून डोळाच फाकला तर नवी पिन आणि नवे बुश घालूनही प्ले जात नाही, आणि मग पुरा अ‍ॅक्सल बदलण्याची पाळी येते. किंगपिनला ग्रीस देताना अ‍ॅक्सल जॅकवर उचलून चाके अधांतरी ठेवावीत, म्हणजे ग्रीस भार पडलेल्या बाजूलाही पोचते, आणि कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन चालवावी. खाऱ्या पाण्यातून गेलेल्या गाडीला हे त्याच आठवड्यात करावे. एवढे केले तर वरच्या सगळ्या परिच्छेदांची गरजच पडणार नाही.

परत बसवताना दोन गोष्टी मेस्त्रींनी पाळाव्यात. टेपर आणि भोक दोन्ही स्वच्छ, कोरडे पुसावे. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून टेपरला ग्रीस फासणे घातक आहे, ग्रीस लावायचेच तर नट आवळून झाल्यावर बाहेरून लावावे. दुसरे असे की, स्प्लिट पिनचे भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवावा, मागे कधीही सोडू नये, आणि पिन नवी घालावी. जुनी पिन सरळ करून वापरल्याने वाचणारे पैसे मोजण्याइतकेही नसतात. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे बहुतेकांना माहीत असते, तरी ऐन घाईत उलट्या बाजूला जोर लावून नळी पिळवटलेली मी पाहिली आहे.

यात सारा दोष मेस्त्रींवर टाकणे अन्यायाचे होईल. मालकाला गाडी संध्याकाळच्या आत हवी असते आणि मजुरी ठरलेली असते. तेल मारून रात्रभर थांबण्याचे पैसे कोणी देत नाही, आणि घणाने दहा मिनिटांत झालेले काम पाहून तोच मालक मेस्त्रीची पाठ थोपटतो. मीही थोपटली होती. म्हणून मालकांनी एवढे करावे की, स्टिअरिंगचे काम पावसाळ्याच्या आधी, गाडी उभी करण्यापूर्वीच काढावे, नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आणि तापवणार नाही एवढा शब्द मेस्त्रीकडून आधीच घ्यावा. लागल्यास एका दिवसाची मजुरी जास्त द्यावी.

परिवहन विभागालाही आपल्या पत्रातून एक विनंती करावीशी वाटते. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरणासाठी येते. त्या वेळी स्टिअरिंगचा प्ले पाहिला जातो, ते योग्यच आहे. पण तापवलेल्या आर्मला प्ले नसतो, उलट नवा सांधा असल्याने तो अगदी घट्ट लागतो. त्याची ओळख पटते ती जळलेल्या रंगाच्या निळ्या-काळ्या पट्ट्यावरून आणि घणाच्या खुणांवरून, आणि या खुणा गाडीखाली विजेरी धरल्याशिवाय दिसत नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांत तपासणीच्या वेळी पुढचे दोन आर्म आणि ड्रॉप आर्म विजेरीने पाहण्याची सवय लागली, तर काही मिनिटांपलीकडे वेळ जाणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तेथील मुलांना नव्याकोऱ्या, तेलकट सांध्यावर पुलर चालवायला शिकवण्याबरोबरच एखादा पुळणीवर दोन पावसाळे काढलेला, खऱ्या अर्थाने जाम झालेला अ‍ॅक्सल आणून द्यावा, असे मला वाटते. भंगारवाल्याकडे तो सहज मिळेल.

गॅरेजवाल्यांची एक अडचण मात्र खरी आहे. टाय रॉडचा छोटा पुलर बहुतेकांना परवडतो, पण ड्रॉप आर्मचा जड पुलर वर्षातून चार-पाच वेळा लागतो आणि तेवढ्यासाठी पैसे गुंतवायला कोणी तयार होत नाही. आमच्या परिसरातील गॅरेजांनी मिळून असा एक संच सामाईक घ्यावा, अशी सूचना मी काही मेस्त्रींना केली होती. तो संच कोणाकडे ठेवायचा यावर ती अडली आहे. तोपर्यंत माझ्याकडचा पुलर कोणीही मेस्त्रीने खुशाल न्यावा. त्याचे भाडे नको, फक्त परत करताना स्क्रूचे आटे पुसून ग्रीस लावून द्यावेत, कारण तोही याच हवेत राहतो.

आपला विश्वासू,
एक टेम्पोमालक
ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, ही विनंती.)